चूक सांगायला माणसे कोणाकडे येतात?

प्रश्न : मी एका उपजिल्हा रुग्णालयाच्या प्रसूती कक्षात गेली चार वर्षे कंत्राटी अधिपरिचारिका म्हणून काम करते. माझे वय ३१ आहे. आमच्या इनचार्ज सिस्टर मार्चअखेर निवृत्त झाल्या आणि ते पद अद्याप भरलेले नाही. अधीक्षकांनी मला तोंडी सांगितले, "तूर्त तुम्हीच लक्ष ठेवा." कक्षात माझ्याहून ज्येष्ठ अशा दोन कायम सिस्टर आहेत, तरी ट्रे लावणे, नोंदवह्या पूर्ण ठेवणे, औषधांचा इंडेंट (मागणीपत्र) पाठवणे, विद्यार्थिनींना शिकवणे ही कामे मीच करते, कारण त्याचे प्रशिक्षण मी घेतले आहे.

दोन महिन्यांपूर्वी सकाळी आठला मी ड्युटीवर आले. ओव्हर (पाळी बदलताना रुग्णांची माहिती पुढच्या सिस्टरकडे सोपवणे) संपत असतानाच पहाटे प्रसूत झालेल्या एका मातेचा रक्तस्राव वाढला. फ्रिज उघडला, तर रक्तस्राव रोखणाऱ्या ऑक्सिटोसिनचे एकही अँप्यूल (इंजेक्शनची कुपी) नव्हते. शेजारच्या वॉर्डातून ते आणेपर्यंत काही मिनिटे गेली. तोवर रात्रीच्या सिस्टर गर्भाशय चोळत राहिल्या आणि माता वाचली. त्या रात्री चार प्रसूती झाल्या होत्या हे खरे, परंतु साठा संपल्याचे ओव्हरमध्ये सांगायला नको होते का? सकाळी फ्रिज पुसणाऱ्या मावशींनाही रिकामा खोका दिसला नाही का? मी संतापून नातेवाईक आणि विद्यार्थिनींसमोर दोघींना म्हणाले, "तुमच्यामुळे आज एक बाई गेली असती." त्याच दिवशी राउंडच्या वेळी मी अधीक्षकांना सगळे सांगितले आणि सिस्टरना मेमो मिळाला.

तेव्हापासून माझ्याशी कोणी कामापलीकडे बोलत नाही. ओव्हर दोन वाक्यांत उरकला जातो. "कंत्राटी माणसाने कायम माणसाला शिकवू नये," असे पाठीमागे बोलले जाते. मी अधीक्षकांकडे चार्जचा लेखी आदेश मागावा, म्हणजे लोक ऐकतील, की आपल्यापुरते काम करून गप्प बसावे?

उत्तर : सिस्टर, सप्रेम नमस्कार.

मी स्वतः सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डांत चौतीस वर्षे नोकरी केली आणि त्यांपैकी शेवटची अकरा वर्षे परिसेविका (वॉर्डाची प्रमुख परिचारिका) म्हणून काढली, त्यामुळे तुमचे पत्र वाचताना तो कक्ष मला डोळ्यांपुढे दिसत होता. माता सुखरूप आहे, ही या पत्रातील सर्वांत मोठी गोष्ट आहे आणि बाकीचे सारे तिच्यानंतर येते. तुम्हाला आलेला राग तिच्यासाठी होता, हेही मला कळते. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव किती वेगाने माणूस नेतो, हे जिने एकदा पाहिले आहे तिला रिकाम्या फ्रिजपुढे शांत राहणे सोपे नसते. तरीही तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला आदेशाच्या कागदापासून सुरू करता येत नाही. ते त्या रात्रीच्या अँप्यूलांपासून सुरू करावे लागते.

हिशेब करून पाहा. बाळ जन्मल्यापासून एका मिनिटाच्या आत मातेला १० युनिट ऑक्सिटोसिन स्नायूत द्यायचे, हे तुम्ही विद्यार्थिनींना शिकवत असाल. आपल्याकडे येणारे अँप्यूल बहुधा ५ युनिटचे असते, म्हणजे चार प्रसूतींना किमान आठ अँप्यूल लागली. हे औषध २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते, म्हणून ते फ्रिजमध्ये राहते आणि ट्रेकडे नुसती नजर टाकून त्याचा साठा किती उरला हे समजत नाही. रात्री औषधभांडार बंद असते. याचा अर्थ असा, की त्या सिस्टरनी चारही वेळा आपले काम नेमके केले आणि म्हणूनच सकाळी फ्रिज रिकामा होता. शिवाय औषध येईपर्यंत त्याच गर्भाशय चोळत राहिल्या, असे तुम्ही अर्ध्या वाक्यात लिहून पुढे गेला आहात. रात्रभर चार बाळंतपणे करून थकलेल्या त्या हातांनी ती काही मिनिटे रक्त रोखून धरले, आणि त्यानंतर त्या सिस्टरच्या वाट्याला नातेवाइकांसमोर तुमचे ते वाक्य आले. तुमचा कक्ष तुमच्यापासून दूर का गेला, याचे उत्तर मला येथे दिसते. तुम्ही कंत्राटी आहात ही गोष्ट लोक नंतर शोधून काढतात.

साठा संपल्याचे त्यांनी ओव्हरमध्ये सांगायला हवे होते, यात शंका नाही. ती चूक खरी आहे आणि ती लहान नाही. पण ती चूक का झाली, हे तुम्ही त्यांना आजवर विचारलेले नाही, असे तुमच्या पत्रावरून वाटते. रात्रपाळी संपताना माणूस थकलेला असतो, हे एक कारण असू शकते. दुसरे कारण असेही असू शकते, की अमुक एक संपले, अमुक राहून गेले, असे तुमच्यापुढे म्हणणे त्यांना कबुलीजबाबासारखे वाटत होते आणि म्हणून ते ओठांवर येऊनही परत गेले. हे मी ठामपणे म्हणू शकत नाही, पण तुम्ही स्वतःला हे विचारून पाहावे, असे मला वाटते. त्या प्रसंगाआधीच्या महिन्याभरात तुमच्याकडे कोणी आपण होऊन येऊन "सिस्टर, माझ्याकडून हे राहिले" असे म्हटले होते का?

कोणत्या वॉर्डात कोणाचे नेतृत्व खरे आहे, हे ओळखण्यासाठी मी इतक्या वर्षांत याच एका खुणेवर भिस्त ठेवली आहे. ड्युटी चार्ट कोण लावते, कपाटाच्या किल्ल्या कोणाकडे आहेत, राउंडला डॉक्टरांच्या शेजारी कोण उभे राहते, यांतून अधिकार कळतो. पण ज्या क्षणी कोणाच्या हातून चूक होते, त्या क्षणी ती व्यक्ती सर्वांत आधी कोणाकडे जाते, ते पाहिले की त्या वॉर्डाचा विश्वास कोणावर आहे हे कळते. कधी ती इनचार्ज असते, कधी नुकतीच लागलेली सिस्टर असते, तर कधी कक्षसेवक असतो.

हे केवळ माझ्या अनुभवाचे म्हणणे नाही. १९९० च्या दशकात एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधिकेने रुग्णालयांतील आठ विभागांचा अभ्यास केला. औषध देण्यातील चुका आणि विभागातील माणसांचे परस्परसंबंध यांचे नाते काय, हे त्यांना पाहायचे होते. जेथे प्रमुख परिचारिका चांगली आणि माणसे एकमेकांना धरून आहेत, तेथे चुका कमी असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. हाती आलेले आकडे उलटे होते. चांगल्या विभागांतच चुकांची नोंद अधिक होती. खोलात गेल्यावर त्यांच्या लक्षात आले, की त्या विभागांत चुका अधिक होत नव्हत्या, तर त्या अधिक बोलल्या जात होत्या. इतर विभागांत शिक्षेच्या भीतीने माणसे चूक दडवत होती, त्यामुळे कागदावर ते विभाग स्वच्छ दिसत होते. तुमच्या कक्षातील ओव्हर आज दोन वाक्यांत संपतो, असे तुम्ही लिहिता, तेव्हा मला काळजी वाटते ती याच कारणाने. त्या दोन वाक्यांत जे येत नाही ते खाटेवरच्या बाईच्या वाट्याला जाते.

माझ्या स्वतःच्या हातून झालेली एक चूक सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका रुग्णालयात रात्रपाळीला असताना मी एका बाईचे इंजेक्शन शेजारच्या खाटेवरील बाईला दिले. दोघींचे नाव एकच होते आणि मी केसपेपरवरचे आडनाव न पाहता हाक मारली होती. चूक लक्षात आली तेव्हा माझे पाय थरथरू लागले. त्या रात्री शेजारच्या वॉर्डात एक वयस्क सिस्टर होत्या. त्या इनचार्ज नव्हत्या, त्यांची बढती अनेक वर्षे रखडली होती आणि माझ्यावर त्यांचा कोणताही अधिकार नव्हता. तरी मी धावत गेले ती त्यांच्याकडेच. त्यांनी मला एक शब्द विचारला नाही. त्या आधी रुग्णाकडे गेल्या, नाडी आणि रक्तदाब पाहिला, मला डॉक्टरांना फोन करायला लावला आणि काय सांगायचे ते हळू आवाजात सांगितले. मी बोलत असताना त्या शेजारी उभ्या होत्या. रुग्णाला काही झाले नाही. सकाळी चहा पिताना त्या म्हणाल्या, "आता सांग, कसे झाले?" आणि मी सांगितल्यावर त्यांनी मला समज दिली, तीही सौम्य नव्हती. त्याच दिवशी त्यांनी इनचार्ज सिस्टरना सुचवले, की एकाच नावाच्या दोन बायकांना शेजारच्या खाटा देऊ नयेत आणि तशा केसपेपरवर लाल खूण करावी. पुढे त्या वॉर्डात ती पद्धतच पडली.

तो प्रसंग मी अनेकदा मनात उलगडून पाहिला आहे. त्यांनी चूक झाकली नाही, डॉक्टरांना लगेच कळवायला लावले, मला समजही दिली. फक्त प्रत्येक गोष्ट तिच्या जागी केली: आधी रुग्ण, मग माझ्याशी एकांतात बोलणे, मग व्यवस्थेत बदल. तुमच्या त्या सकाळी रुग्णाचे काम झाल्यावर लगेच चारचौघांतील बोल आले, त्यानंतर अधीक्षकांकडे तक्रार गेली, आणि सिस्टरशी एकांतात बोलणे मात्र आजपर्यंत राहिले आहे. व्यवस्थेत काही बदलले का, याचा उल्लेख पत्रात नाही. ऑक्सिटोसिनची किमान किती अँप्यूल फ्रिजमध्ये असलीच पाहिजेत, तो आकडा ठरला आहे का? त्याखाली साठा गेला तर रात्री कोणत्या वॉर्डातून घ्यायचे, हे लिहून लावले आहे का? मेमोने यातील काहीच होत नाही.

म्हणून पहिले काम माफीचे आहे आणि त्याविषयी मी थोडे सविस्तर लिहिते, कारण अर्धवट माफीने गोष्टी अधिक बिघडतात. तुमचे शब्द जेवढ्या माणसांसमोर उच्चारले गेले, निदान त्यातील कक्षातील माणसांसमोर ते परत घेतले गेले पाहिजेत. आधी त्या सिस्टरना एकटीने भेटा. त्यांची रात्रपाळी संपल्यावर घरी जाण्याच्या घाईत गाठू नका, आणि चहाच्या टेबलावर सहज बोलल्यासारखेही करू नका. त्यांना सांगा, की त्या रात्री चार प्रसूती तुम्ही केल्या आणि सकाळी त्या मातेचे रक्त तुमच्या हातांनी थोपवले, हे मी पाहिले होते आणि तरी मी ते बोलले नाही; लोकांसमोर तुम्हाला जे बोलले ते चुकीचे होते; आणि तुमच्याशी न बोलता मी थेट साहेबांकडे गेले, तेही चुकीचे होते. येथे थांबा. "पण तुम्हीही साठ्याचे सांगायला हवे होते" हे वाक्य त्या दिवशी तोंडातून येता कामा नये, कारण ते आले की आधीचे सारे त्याची प्रस्तावना ठरते. त्या काही बोलल्या तर ऐकून घ्या. न बोलता निघून गेल्या तरी ते सोसा. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी ओव्हरच्या वेळी, विद्यार्थिनी हजर असताना, हेच दोन-तीन वाक्यांत पुन्हा म्हणा. विद्यार्थिनींनी तुम्हाला चिडलेले पाहिले आहे. पुढे वॉर्डात उभ्या राहणाऱ्या त्या मुलींनी तुम्हाला चूक मान्य करतानाही पाहणे आवश्यक आहे.

मेमोच्या बाबतीतही तुम्हाला काही करता येईल. अधीक्षकांना भेटून सांगा, की त्या दिवशी मी जे कळवले त्यात चार प्रसूती, वापरलेली अँप्यूल आणि रक्तस्राव रोखण्यासाठी सिस्टरनी केलेले प्रयत्न हे आलेच नव्हते, ते मी लेखी देऊ इच्छिते. मेमो मागे घ्यायचा की नाही हे ते ठरवतील. मात्र तुम्ही अर्धी हकिकत पुरी केली, हे कक्षात कळल्यावाचून राहणार नाही, आणि ते तुम्ही स्वतः कोणाला सांगू नये.

यापुढे कोणाची चूक वर कळवायचीच नाही, असे मी म्हणत नाही. विश्वास मिळवण्यासाठी चुका पोटात घालणारी सिस्टर मी पाहिली आहे. तिच्यावर सहकाऱ्यांचे प्रेम होते आणि रुग्णांचे हाल होते. रुग्णाला धोका झाला किंवा होण्याची शक्यता असली तर नोंद झालीच पाहिजे आणि डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. फक्त ज्या व्यक्तीविषयी सांगायचे आहे तिला आधी कळू द्या: "हे मला साहेबांना सांगावे लागेल, तुम्ही सोबत चला." सोबत आल्यावर तिची बाजू तिला मांडता येते आणि तुम्ही पाठीमागे काय बोललात याचा तर्क करत बसण्याची वेळ तिच्यावर येत नाही.

आता ओव्हरविषयी. हा ओव्हर तुम्हीच दुरुस्त करू शकता आणि त्यासाठी कोणाच्या सहीची गरज नाही. जेव्हा तुम्ही ओव्हर देणार असाल, तेव्हा टेबलापाशी बसून न देता खाटेपाशी उभे राहून द्या आणि सुरुवात तुमच्याकडून राहून गेलेल्या गोष्टींपासून करा. "दोन नंबरच्या मातेची दोन वाजताची नाडी मी पाहिली नाही, बाळाचे वजन लिहायचे राहिले, ऑक्सिटोसिनची सहा अँप्यूल आहेत आणि इंडेंट मी आज पाठवू शकले नाही." रोज, न चुकता, असे राहिलेले सांगत जा. पहिले काही दिवस समोरच्या सिस्टर मान हलवून जातील, काहींना त्यात तुमचा कमीपणा दिसेल. तरी सोडू नका. ज्या कक्षात सर्वांत प्रशिक्षित सिस्टर आपली राहिलेली कामे मोठ्याने सांगते, तेथे इतरांनाही ती सांगण्याची वाट मोकळी होते. आणि ज्या दिवशी कोणी तुम्हाला "साठा संपलाय" असे सांगेल, त्या दिवशी तुमच्या तोंडून निघणारा पहिला शब्द "बरे झाले सांगितलेत" हाच असला पाहिजे, मग मनात काहीही येवो. तेथे कपाळावर आठी जरी पडली, तरी पुढचे अनेक आठवडे वाया जातील.

डॉक्टरांना फोन करण्याची एक पद्धत अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून रुग्णालयांत आली आणि आज अनेक ठिकाणी शिकवली जाते: स्थिती, पार्श्वभूमी, आपला अंदाज आणि आपली मागणी. "सर, तीन नंबरची माता, चाळीस मिनिटांपूर्वी प्रसूती झाली, रक्तस्राव थांबलेला नाही. दुसरी खेप, गरोदरपणी हिमोग्लोबिन ८. गर्भाशय मऊ लागते, नाडी ११८, रक्तदाब ९०/६०. मला हा प्रसूतीपश्चात रक्तस्राव वाटतो, तुम्ही आत्ता यावे." तुम्हाला ही पद्धत ठाऊक असेल; ती त्या दोन ज्येष्ठ सिस्टरना शिकवायला जाऊ नका. त्यांच्या कानावर पडेल अशा रीतीने तुम्ही स्वतः वापरत राहा. उलट त्यांच्याकडून शिकण्यासारखे काही असेल तर ते खरोखर विचारा. पोटावर हात ठेवून बाळाची स्थिती ओळखणे, घाबरलेल्या पहिलटकरणीला कळांमध्ये धीर देणे, सासू आणि नवऱ्याला रक्तासाठी राजी करणे, यांत वीस वर्षांच्या हाताला जे कळते ते कोणत्याही प्रशिक्षणाच्या वहीत नसते. खुश करण्यासाठी विचारलेला प्रश्न लगेच ओळखू येतो, म्हणून जे तुम्हाला खरेच येत नाही तेच विचारा.

शब्दाला वजन कसे येते, हे मला शिकवणारा माणूस एक कक्षसेवक होता. आम्ही सारे त्यांना मामा म्हणत असू. त्या काळी आमच्या वॉर्डात ऑक्सिजनचे सिलिंडर होते आणि त्यांची चावी हमखास हरवायची. मामांनी आपल्या पैशाने सुतळी आणून प्रत्येक सिलिंडरला त्याची चावी बांधली. पाळी बदलताना ते प्रत्येक सिलिंडर उघडून काटा पाहत आणि आकडे भिंतीवरच्या पाटीवर खडूने लिहीत. हे काम त्यांना कोणी सांगितले नव्हते. पण त्यांच्यावर वॉर्डाची जी भिस्त होती, ती मला वाटते दुसऱ्याच एका सवयीमुळे होती. एखाद्या रात्री विचारले, "मामा, शेवटचा सिलिंडर भरलेला आहे ना?" आणि त्यांनी पाहिला नसला, तर ते अजिबात संकोच न करता म्हणत, "मी बघितला नाही, बघून सांगतो." इतर माणसे "असेल" म्हणत. मामांचे "नाही बघितला" आम्ही इतक्या वेळा ऐकले होते, की त्यांच्या "आहे" या शब्दावर रात्र निर्धास्त जायची. पुढे नवे डॉक्टर वॉर्डात आले, की इनचार्ज सिस्टर त्यांची ओळख आधी मामांशी करून देत. चतुर्थ श्रेणीतील माणूस होता तो, आणि निवृत्तीच्या दिवशी अधिसेविका (मेट्रन) स्वतः त्यांना दारापर्यंत सोडायला आल्या होत्या.

आता कागदाविषयी, कारण तुमचा मूळ प्रश्न तोच आहे. लोकांनी तुमचे ऐकावे म्हणून आदेश मागू नका. आजच्या वातावरणात तो आदेश कक्षात आला, तर तो मेमोचा दुसरा भाग म्हणून वाचला जाईल, आणि त्या दोन ज्येष्ठ सिस्टरना तो आपल्यावर आणलेला वाटेल. त्यांच्या मनातील कडवटपणा सर्वस्वी अन्यायाचा आहे, असेही मला वाटत नाही. वीस वर्षांच्या सेवेनंतर आपल्याला न विचारता कोणावर तरी जबाबदारी सोपवली गेली, हे त्यांना लागले असणार. तोंडी सांगून मोकळे होण्यात अधीक्षकांनी तुमच्यावर आणि त्यांच्यावरही अन्याय केला आहे.

मात्र साठ्यासाठी आदेश जरूर मागा, आणि तो लवकर मागा. तुम्ही औषधांच्या इंडेंटवर आणि साठा नोंदवहीवर सह्या करत असाल, तर तुमच्याकडे त्या कामाचा लेखी आदेश नसणे धोक्याचे आहे. उद्या तपासणीत काही कमी आढळले, मुदत संपलेले औषध सापडले, एखादे उपकरण हरवले, तर सही तुमची आहे आणि जबाबदारी सोपवल्याचा कागद कोठेच नाही, अशी स्थिती येईल. दरवर्षी ज्यांच्या कराराचे नूतनीकरण होते त्या माणसाला हे परवडत नाही. तेव्हा अधीक्षकांना साधा अर्ज द्या, की इनचार्ज पद भरेपर्यंत प्रसूती कक्षाच्या औषधसाठ्याची नोंद आणि इंडेंट यांची जबाबदारी कोणाकडे आहे, हे लेखी ठरवून मिळावे. आणि त्यात ज्येष्ठ सिस्टरपैकी एकीचे नावही असावे, अशी सूचना करा. अर्जाची पोच घ्या. अर्ज देण्याआधी तो त्या दोघींना वाचायला द्या. त्यांना काही बदलायचे असेल तर बदला. त्यांनी ती जबाबदारी स्वतःकडे घेतली, तर मोकळ्या मनाने द्या आणि त्यांना मदत करा. ते काम गेल्याने तुमचे काही कमी होणार नाही, उलट रोज अर्धा तास मातांपाशी अधिक मिळेल.

गप्प बसून आपल्यापुरते काम करण्याचा दुसरा पर्याय मी तुम्हाला सुचवणार नाही. प्रसूती कक्षात आपल्यापुरते काम असे नसतेच. तुमच्या पाळीत जन्मलेले बाळ पुढच्या पाळीत निळे पडू शकते. हे सारे किती दिवसांत सुधारेल, हे मी सांगू शकत नाही. त्या सिस्टर कदाचित लवकर बोलू लागतील, कदाचित त्यांची बदली होईपर्यंत बोलणार नाहीत. विद्यार्थिनी सर्वांत आधी येतील, असा माझा अंदाज आहे.

शेवटी मावशींविषयी लिहिते, कारण तुमच्या पत्रात मला सर्वांत अधिक खटकलेली गोष्ट त्यांच्याविषयीची आहे. छापताना मी नावे वगळली आहेत, पण मूळ पत्रात तुम्ही अधीक्षकांचे, डॉक्टरांचे, दोन्ही सिस्टरचे, एवढेच काय दोन विद्यार्थिनींचेही नाव लिहिले होते. मावशी मात्र पत्रभर मावशीच आहेत. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक तपासणी यादी तयार केली. पहिला छेद घेण्यापूर्वी खोलीतील प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे, हा त्यातील एक मुद्दा आहे. नवी दिल्लीसह जगातील आठ शहरांच्या रुग्णालयांत ती यादी वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. हे श्रेय एकट्या नावांचे नाही, यादीत इतर अनेक महत्त्वाच्या गोष्टी होत्या. पण ज्याला नावाने हाक मारली गेली आहे तो माणूस वेळ आली की तोंड उघडतो, एवढे मी वॉर्डात पुनःपुन्हा पाहिले आहे. त्या सकाळी मावशींनी फ्रिज पुसताना रिकामा खोका पाहिलाही असेल. त्या खोक्यात काय असते आणि तो रिकामा दिसला तर कोणाला सांगायचे, हे त्यांना कधी कोणी सांगितले होते का? वाचता येत नसेल तर खोक्यावर लाल चिकटपट्टी लावा आणि सांगा, की हा हलका लागला तर मला किंवा ड्युटीवरच्या सिस्टरना लगेच हाक मारा.

त्या सकाळी सातला येतात, असे तुम्ही मूळ पत्रात लिहिले आहे, आणि तुमची ड्युटी आठला सुरू होते. उद्या साडेसातला पोहोचा. तेव्हा कक्षात गर्दी नसते. त्यांना त्यांच्या नावाने हाक मारा, नातेवाइकांसमोर बोललेल्या त्या वाक्याची माफी मागा, आणि मग फ्रिज उघडून तो खोका त्यांच्या हातात द्या.